नऊ नंबरचा खुराक

केतकीच्या पाठीवरून लाल मातीचा पहिला ओघळ खाली उतरला आणि वैजयंताच्या हातातला तांब्या तसाच हवेत थांबला.

मातीखाली पाठ अशी उरलीच नव्हती. तव्यावरची भाकरी जागोजाग फुगावी, तशी कातडी फुगली होती. मानेपासून कमरेपर्यंत गांधी उठल्या होत्या, एकीला दुसरी चिकटलेली, कडेला लाल आणि मध्ये पांढुरकी. सतरा वर्षांच्या पोरीची ती पाठ एखाद्या नकाशासारखी दिसत होती, आणि तो नकाशा कुठल्या देशाचा हे वैजयंताला ओळखता येईना.

"हे काय गं?"

"काय न्हाई आत्ती. माती चावली."

तालमीमागच्या पाण्याच्या टाकीभोवती उभ्या असलेल्या पोरी फिसकन हसल्या.

"माती चावत न्हाई. माझी हयात गेली हिच्यात लोळून. मला कधी चावली न्हाई ती."

"आक्का, तुम्हाला चावायचं म्हंजे मातीला दाढा पायजेत," समृद्धी म्हणाली, आणि पोरी पुन्हा हसल्या.

वैजयंता हसली नाही. एरवी पोरी आपापलं अंग धुऊन मोकळ्या व्हायच्या. केतकीचा खांदा दुखावला होता, म्हणून आज भाचीला पाणी घालायला आत्या उभी राहिली होती. खांदा दुखला नसता तर? तिनं वळून बघितलं. दोघीतिघींनी हात पटकन पाठीमागं नेले.

"हात पुढं."

कुणी हललं नाही.

"हात पुढं घ्या म्हटलं!"

समृद्धीनं हात पुढं केले. तिनं कोपरापर्यंतच धुतलं होतं, वरची माती तशीच होती. वैजयंतानं तांब्यातलं पाणी त्या दंडावर ओतलं. तांबड्या धारेखालून तसल्याच गांधी वर आल्या, केतकीपेक्षा थोड्या बारीक.

"आक्का, सगळ्यांनाच येतंय थोडं थोडं," समृद्धी आता हसत नव्हती. "गोळी घेतली की बसतंय."

"कसली गोळी?"

"सर्दीची. एकीनं आणली की सगळ्या वाटून घेतो."

चिंचा वाटाव्यात तशा गोळ्या वाटून घेत होत्या. आणि ती स्वतः, ह्यांची वस्ताद, कुस्तीच्या हौद्याच्या काठावर उभी राहून 'ढाक लाव, ढाक लाव' म्हणून डाव ओरडत होती.

"आणि मला कोण सांगणार हुतं? तुमचा मारुतराया?"

"सांगितलं असतं तर तुम्ही खुराक बंद केला असता, मग दंडावरच्या पट्टीचा गुण गेला असता की," समृद्धी खाली बघत म्हणाली.

तेवढ्यात केतकीनं वैजयंताचं मनगट धरलं. पकड नेहमीची नव्हती. तालुक्यात नाव झालेली ही पोर दस्ती ओढायला लागली, म्हणजे समोरच्याचं मनगट धरून हिसका द्यायला लागली, की भले भले तोंडावर यायचे. आज तिची बोटं नुसती लोंबकळत होती.

"आत्ती... घसा..."

तिचे ओठ डोळ्यांदेखत जांभळाएवढे फुगले, आणि ती टाकीच्या कडेला बसली ती बसलीच.

*

दवाखान्याच्या बाकावर बसवून ठेवण्यासारखा रागाला दुसरा खुराक नाही. आत डॉक्टर शबाना नदाफ केतकीवर उपचार करत होत्या. मांडीत सुई दिल्यावर पोरीचा श्वास परत आला होता. 'आता ती बोलतेय, तुम्ही बाहेर बसा,' असं नर्स सांगून गेली होती. बाहेर बसून वैजयंता स्वतःच्या मुठी उघडत होती, मिटत होती.

हसूरवाडीची ही तालीम दूधगंगेच्या काठावर होती आणि दूधगंगेच्या काठी दुधाचा थेंब उरला नव्हता. कासेचा रोग आला तो एका पावसाळ्यात. म्हशीच्या कासेतून माणसाच्या छातीत जाणारा विषाणू होता तो. बघता बघता जिल्ह्यातले गोठे रिकामे झाले. कोल्हापुरातल्या दूधकट्ट्यांवर लोक ग्लास धरून धारोष्ण दूध प्यायचे, तिथं आता गाड्या चार्जिंगला लागायच्या. बाटलीतलं खात्रीचं दूध औषधाच्या दुकानात मिळायचं, आजारी लेकरांपुरतं. दूध गेलं, तूप गेलं, थंडाई गेली. पैलवान उरले, आणि त्यांची भूक उरली.

मग पावडरी आल्या. वैजयंतानं आल्या तशा घेतल्या नव्हत्या. पतियाळ्याला राहून प्रशिक्षणाचा कोर्स केलेली बाई ती, डब्यावरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय तिनं कधी झाकण उघडलं नाही. सोयाबीनची आणली, तर पोरींची पोटं ढोलकीसारखी फुगली. माप अर्धं केलं, ओव्याचं पाणी दिलं, हळूहळू वाढवलं, तरी निम्म्या जणी कुरकुरतच राहिल्या. तांदळाची पोटाला हलकी होती, पण भात जमिनीतले जड धातू ओढून घेतो, म्हणून तिनं धातूंच्या तपासणीचा दाखला मागितला. तो कंपनीनं दिला नाही, मग तिनं डबा परत केला. जवसाच्या पावडरीनं पोरी कुस्तीपेक्षा संडासाकडं जास्त पळाल्या. प्रत्येक वेळी एकच पावडर, थोडं माप, आठवडाभर नजर, असं तिचं चाललेलं होतं. मुंगीच्या पावलानं चाललं होतं, पण ते पाऊल तिचं स्वतःचं होतं.

आणि मग 'अंकुरबल' कंपनीची खुराकपेटी आली.

फ्रीजएवढी पांढरी पेटी. समोर एक स्टूल. पोरीनं स्टुलावर बसायचं, बोट आत घालायचं, पेटी रक्ताचा थेंब घेणार, लाळ घेणार, पोटातले जंतू कुठल्या जातीचे ते ओळखणार, आणि अकरा प्रकारच्या वनस्पती-प्रथिनांतून त्या पोरीला सोसेल असा मेळ घालून देणार. मंजुळ आवाजात सांगणार, "अभिनंदन केतकी! तुझा खुराक, नऊ नंबर." दंडाला एक पट्टी चिकटवायची. ती घाम चाखून रोज सांगणार, खुराक किती अंगी लागला. त्या आकड्याला म्हणायचं पचनगुण. माती विभागाच्या राज्य निवडीचा खर्च अंकुरबल उचलत होती, म्हणून निवडीत कुस्तीइतकंच वजन पचनगुणाला होतं. ज्याला पचत नाही त्याला मेडल कसं पचणार, असं त्यांच्या जाहिरातीत एक गोड बाई विचारायची.

बहुतेक पोरींना नऊ नंबरच निघाला. त्यात गहू आणि वाटाणा होता. वैजयंताला ते पटलंही होतं. धान्यात जे कमी ते डाळीत असतं, डाळीत जे कमी ते धान्यात, हे शहाणपण वरणभाताइतकं जुनं. फक्त गव्हाचं प्रथिन चिकट, पाण्यात विरघळत नाही, डिंकासारखा गोळा होतो. अंकुरबलनं एक विकर, म्हणजे एंझाइम, बनवलं होतं. ते त्या प्रथिनाच्या साखळ्या कापायचं, कापलेल्या टोकांचा स्वभाव बदलायचं, आणि मग गहू पाण्यात साखरेसारखा विरघळायचा. चव नाही, वास नाही, पोट फुगत नाही. पोरींनी टाळ्या वाजवल्या होत्या.

डॉक्टर नदाफ बाहेर आल्या. पन्नाशीची बाई, पायात स्लिपर, डोळ्यांखाली काळं.

"वाचली. आजचा दिवस इथंच राहू दे, असला झटका परत फिरून येऊ शकतो." त्या बाकावर शेजारी बसल्या. "काय प्यायली होती?"

"नऊ नंबर. सरावाच्या आधी. रोज पिते."

"आणि नुसती बसून असते तेव्हा?"

"तेव्हा?" वैजयंता आठवायला लागली. रविवारी तालीम बंद असायची, खुराक मात्र चालू असायचा. आणि रविवारी केतकी ठणठणीत असायची. "काय होत न्हाई."

"आणि ती पेटी तपासते कशी?"

"स्टुलावर बसवून."

"बसवून," डॉक्टरांनी तो शब्द तोंडात घोळवला आणि थुंकल्यासारखा बाहेर टाकला. "ऐका. कापलेला, स्वभाव बदललेला हा गहू शरीराला अनोळखी. काहींच्या रक्तात त्याच्याविरुद्ध चौकीदार उभे राहतात. माणूस शांत बसलेला असला की पोट त्याचा चुरा करून टाकतं, चौकीदारापर्यंत काही पोचतच नाही. पण जोर मारताना, कुस्ती करताना पोटातलं रक्त हातापायांकडं धावतं. आतड्याची भिंत सैल पडते, न पचलेले तुकडे रक्तात शिरतात, आणि मग सगळे चौकीदार एकदम आरोळी ठोकतात. अंगावर गांधी, मग घसा, मग श्वास. खाणं आणि कष्ट, दोन्ही एकत्र आले तरच. एकटं कुणीच दोषी नाही."

"मग चपातीनं का होत न्हवतं?"

"चपातीशी शरीराची जुनी ओळख. पण आता चौकीदार चिडलेत, ते चपातीवरही ओरडू शकतात. नीट तपासण्या होईपर्यंत गहू बंद, भाकरी खा. पोटात घास गेल्यावर लगेच आखाड्यात उतरायचं नाही. आणि हे पेन." त्यांनी औषध भरलेलं जाड पेन तिच्या हातात ठेवलं. "झटका आला की मांडीत टोचायचं, कपड्यावरूनसुद्धा. आणि त्या सर्दीच्या गोळ्या बंद करा. गोळी खाज मारते, श्वास वाचवत नाही. उलट लपवून ठेवते."

"माती लपवतेच की," वैजयंता म्हणाली.

तिला आईच्या तोंडची एक चाल आठवली, आणि त्या चालीवर शब्द आपोआप येऊन बसले:

माती गं माउलीनं झाकलं लेकीचं अंग
पाण्याच्या धारंखाली उघडा पडला रंग

"अजून कुठल्या तालमीतनं आल्यात?" तिनं विचारलं.

"माझ्याकडं दोन आल्या. दुसऱ्या डॉक्टरांकडंही असतील. मी कंपनीला कळवलं." डॉक्टर उठल्या. "उत्तर आलं, रुग्णाची वैयक्तिक प्रकृती."

*

अंकुरबलचे आहारतज्ज्ञ अद्वैत सबनीस तालमीच्या ओसरीवर आले ते खजुराचा डबा घेऊन. तरुण, सडसडीत, बोलणं तुपासारखं. बूट बाहेर काढले, हौद्यातल्या मारुतीला नमस्कार केला. वैजयंताला त्या नमस्काराचाच जास्त राग आला.

"केतकी कशी आहे, मॅडम?"

"हाय. तुमच्या पट्टीनं काय सांगितलं?"

"तेच तर. पट्टीवर शेवटपर्यंत गुण उत्तम होता. म्हणजे शोषण उत्तम. म्हणून आम्हालाही आश्चर्य वाटलं."

"गुण उत्तम, आणि पोरगी मरायला टेकलेली."

"मरायला हा शब्द जरा..." सबनीसांनी मान तिरकी केली. "सुरुवातीला बॉडी ॲडजस्ट होते, मॅडम. थोडी खाज, थोडे गॅसेस. आपल्या जुन्या पैलवानांतही म्हणतात ना, खाज सुटली म्हणजे खुराक अंगी लागला?"

हे वाक्य तिच्या बापाचं होतं. बदाम खाऊन घाम गाळणाऱ्या पैलवानांचं. ते ह्याच्या तोंडात गेलं होतं, आणि आतून विकर लागून, कापून, चव घालवून परत बाहेर आलं होतं.

"तुमच्या चाचण्या कुणावर झाल्या?"

"हजारो लोकांवर. सगळ्या वयाच्या."

"त्यातली किती जणं जोर मारत हुती?"

सबनीसांनी खजुराचा डबा तिच्याकडं सरकवला. ओसरीबाहेर कुणीतरी मुद्गल खाली ठेवल्याचा धप्प आवाज आला.

"चाचण्यांच्या नियमावलीत विश्रांती होती," ते म्हणाले. "खुराकानंतर विश्रांती. डब्यावर तसं..."

"म्हंजे झोपलेल्या माणसाचा खुराक तुम्ही पैलवानाला पाजलासा. आणि पाजलासा कधी? सरावाच्या आधी, पट्टीवर गुण चढावा म्हणून. येळ तुमच्या पेटीनंच ठरवली न्हवं?"

"मॅडम, मी भांडायला आलेलो नाही. मार्ग घेऊन आलोय." त्यांचा आवाज खाली आला. "तपासणी आम्ही सुरू करतोय. आतल्या आत, शांतपणे. पण निवड तोंडावर आली आहे, पालक घाबरलेत. निवडीच्या उद्घाटनाला तुम्ही मंचावर दोन वाक्यं बोला. केतकीला हा त्रास लहानपणापासून होता, आणि तो तुम्ही आम्हाला कळवायला विसरलात. बस. झटक्यामुळं कापलेलं केतकीचं नाव यादीत परत. तिला चार नंबर देऊ, मूग आणि राजगिरा. सुरक्षित आहे."

"आणि बाकीच्यांना?"

"बाकीच्यांना नऊच. आयत्या वेळी बदलता येत नाही."

वैजयंतानं खजुराचा डबा उचलला, त्यांच्या हातात परत दिला आणि म्हणाली, "येते मी उद्घाटनाला. बोलते."

सबनीसांना ते होकारासारखं वाटलं. त्यांनी बूट घातले आणि जाताना पुन्हा मारुतीला नमस्कार केला.

*

"बोलून टाक की वैजू," सर्जेराव म्हणाला. केतकीचा बाप, वैजयंताचा थोरला भाऊ. स्वयंपाकघरात तो भाकरी मोडत बसला होता, पण घास तोंडात जात नव्हता. "दोन वाक्यं हाईत. जीभ झिजती व्हय तुझी?"

"दादा, तुझी पोरगी निळी पडली हुती. मी बघितलीय. तू न्हाईस बघितलीस."

"आता बरी हाय न्हवं? चार नंबर पिऊन खेळंल. माझा बा खेळला, मी खेळलो, कुणाचं नाव राज्यात गेलं न्हाई. हिचं जातंय तर तुला सत्य सुचलंय?"

"आणि दुसऱ्यांच्या पोरी?"

"दुसऱ्यांच्या पोरींना आईबाप हाईत!"

केतकी चुलीशेजारच्या भिंतीला टेकून बसली होती. ओठांची सूज उतरली होती. त्या ओठांतून पहिल्यांदा शब्द आला तो चाकूसारखा.

"आत्ती, मला खेळायचंय."

"मला म्हाईत हाय."

"म्हाईत न्हाई तुला. दिव्यांका खोत दोन वर्षं मला हरवालीय. दोन वर्षं मी तिचं मनगट स्वप्नात धरतोय. यंदा तिची दस्ती ओढून पाडणार हुतो मी. तू दोन वाक्यं बोललीस तर मी खेळणार. न्हाई बोललीस तर घरात बसणार. एवढंच हाय."

"ती दिव्यांकाबी नऊ नंबरच पितीया."

"मग? तिचं मी का बघू? मी निळी पडलो तवा ती आली हुती बघायला?"

पोरीचं बोलणं खोटं नव्हतं, आणि त्यामुळंच वैजयंताचा राग जास्त पेटला. पोरींना एकमेकींचं बघायचं नाही असं शिकवलं कुणी? पट्टीनं? पेटीनं? की ह्याच तालमीनं, जिथं ती स्वतः रोज सकाळी ओरडायची, समोरचीची दया करू नका म्हणून? ती उठली, चुलीवरचा तवा उतरवला आणि बाहेर जाऊन हौद्याची माती कुदळीनं उकरत राहिली. मातीत मुरवायला आता ताक नव्हतं, लिंबू आणि हळदच होती. कुदळीचे घाव इतके खोल गेले की खालची काळी ढेकळं वर आली.

निवडीच्या सकाळी गाडीत बसताना तिनं केतकीला सांगितलं, "मी खरं बोलणार हाय."

केतकीनं तिच्याकडं बघितलं नाही. "मग मला कशाला न्यायलीस?"

"तुझी कुस्ती घालवायची तर तुझ्या तोंडावर घालवीन. तुझ्या पाठीमागं न्हाई."

कोल्हापूर येईपर्यंत पोरगी खिडकीबाहेर बघत राहिली. मागच्या सीटवर डॉक्टर नदाफ बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर एक पिशवी होती, आणि पिशवीत त्यांना मिळतील तेवढी पेनं.

*

मैदान भरलं होतं. मधोमध लाल मातीचा मोठा हौदा, त्याच्या काठाला नळाची टाकी, चारी बाजूंनी गॅलरी, गॅलरीत फेटे, टोप्या, ओढण्या, पोरींचे आईबाप. हौद्याभोवती निरनिराळ्या तालमींच्या पोरी अंग गरम करत होत्या. जोर, बैठका, एकमेकींच्या अंगाला माती चोळणं. माती चोळली की पकड बसते, घामानं हात निसटत नाही. सगळ्यांची अंगं तांबडीलाल झाली होती. वैजयंतानं आपल्या पोरींचा नऊ नंबर बंद केला होता, बाकी सगळ्यांच्या पोटात सकाळचा ग्लास होता. मोठ्या पडद्यावर नावं आणि पचनगुण झळकत होते, सगळे उत्तम, सगळे हिरवे. दिव्यांका खोतचं नाव सगळ्यांत वर होतं.

मंचावर सबनीसांनी वैजयंताच्या हातात माईक दिला. "थोडक्यात, मॅडम," ते हसून म्हणाले.

"मी वैजयंता चौगुले, हसूरवाडी तालीम," ती बोलायला लागली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा शांत निघाला. "माझी भाची नऊ नंबर पिऊन सराव करताना मरता मरता वाचली. तिला लहानपणापासनं कसलाही रोग न्हवता. हा खुराक बसलेल्या माणसावर तपासलाय. कष्ट करणाऱ्यावर न्हाई. पोरींनो, ज्यांच्या अंगाला मातीखाली खाज सुटलीय..."

माईक बंद पडला. पडद्यावर जाहिरातीतली गोड बाई आली.

सबनीस जवळ सरकले, चेहरा पांढरा. "हे बरोबर नाही केलंत. माझी नोकरी..."

"बाजूला हो."

ती मंचावरून उतरली आणि हौद्याच्या काठावर उभी राहिली. वस्तादाला माईक लागत नाही. आयुष्यभर ओरडलेला तो गळा होता.

"अंगावरची माती धुवा! सगळ्या जणी! ह्या टाकीवर या आणि हात धुऊन दाखवा आईबापाला! न्हाई काय निघालं तर माझी तालीम बंद करा!"

शेकडो माना तिच्याकडं वळल्या. आणि कुणीही हललं नाही.

हेच तिला माहीत नव्हतं. ओरडा होईल, पोलीस येतील, तिला ओढून नेतील, ह्या सगळ्याची तिनं तयारी केली होती. कुणीच हलणार नाही, ह्याची केली नव्हती. पोरी आपल्या हातांकडं बघत होत्या आणि हात अंगाशी धरत होत्या. गॅलरीतून एका बापाचा आवाज आला, "ए बाई, आमच्या पोरींची निवड हाय! तुझीची गेली म्हणून आमची घालवतीस व्हय?" दुसऱ्यानं शिट्टी मारली. कुणीतरी हसलं. ह्या सगळ्यांना धरून आपटावं, एकेकाला, बापांना, सबनीसाला, त्या गोड बाईला, असं वाटलं तिला. आणि आपटून काही होणार नव्हतं. ती तिथं टाकीशेजारी रिकाम्या हातांनी उभी राहिली.

हौद्यात दिव्यांका खोतनं खाली वाकून दोन मुठी माती उचलली आणि आपल्या दंडांवर आणखी चोळली. जोरात, घाईघाईनं. वैजयंतानं ते बघितलं. पण तिच्याआधी दुसऱ्या कुणीतरी बघितलं होतं.

केतकी हौद्यात उतरली. कपडे घरचे, पायातली चप्पल काठावर काढून ठेवलेली. तिला खेळायची परवानगी नव्हती. पंच पुढं आला तोवर ती दिव्यांकासमोर उभी होती.

"हात धू," केतकी म्हणाली.

"हो बाजूला. माझी कुस्ती हाय आज."

"माझीबी हुती."

"मला काय झालेलं न्हाई!"

"मग धू की."

दिव्यांकानं तिला छातीवर ढकललं, आणि चुकलं ते तिथं. ढकलायला पुढं आलेलं ते मनगट केतकीनं धरलं, दोन वर्षं स्वप्नात धरत होती तसं, आणि दस्ती ओढली. दिव्यांका तिच्या पुढून घसरत हौद्याबाहेर आली. गॅलरी उभी राहिली. लोकांना वाटलं कुस्ती लागली. ती लागलीच होती. दिव्यांका ताकदीची, पाय रोवून तिनं कंबर धरली, दोघी टाकीच्या कठड्यावर आदळल्या. केतकीचा दुखरा खांदा कठड्यावर बसला आणि ती कळवळली, पण मनगट सुटलं नाही. तिनं ते नळाखाली ओढलं आणि कोपरानं नळ उघडला.

पाणी पडलं. तांबडं पाणी वाहिलं, मग गढूळ, मग स्वच्छ. आणि त्या पाण्याखाली दिव्यांका खोतच्या दंडावर भाकरीच्या फुग्यांसारख्या गांधी एकीला एक चिकटून उठलेल्या दिसल्या, पार खांद्यापर्यंत. त्यांच्या मधोमध पट्टीचा बारीक दिवा हिरवा जळत होता.

"सोड," दिव्यांका म्हणाली, पण आता तिच्या आवाजात जोर नव्हता. "सोड गं. सगळे बघालेत."

"बघू दे."

"घसा..." दिव्यांकानं गळ्याला हात लावला. "घशात काय तर..."

"डॉक्टर!" केतकी किंचाळली.

डॉक्टर नदाफ पिशवी घेऊन धावत होत्याच. गॅलरीच्या पायऱ्यांवरून एक बाई पदर खोचत उतरत होती, पडत होती, उठत होती, दिव्याऽ दिव्याऽ म्हणून ओरडत होती. मघाशी शिट्टी मारणारा माणूस आपल्या पोरीला हाका मारत हौद्याकडं पळत निघाला होता. सबनीस मंचावर फोन कानाला लावून उभे होते. पडद्यावर दिव्यांका अजून सगळ्यांत वर होती.

आणि मग टाकीकडं पोरी यायला लागल्या. सगळ्या नाहीत. आधी समृद्धी आली, चोरून ग्लास प्यायल्याचं सांगत, हात पुढं धरून. मग गडहिंग्लजकडची एक, मग दोघी हात धरून. काही जणी हौद्यातच उभ्या राहिल्या, बापाकडं बघत, माती अंगाशी धरून.

वैजयंता जागची हलली नव्हती. केतकीनं दिव्यांकाचं डोकं मांडीवर घेतलं होतं, डॉक्टरांनी पेन टोचलेली मांडी दाबून धरली होती, आणि तिनं एकदाही आत्याकडं बघितलं नव्हतं. ह्या पोरीची कुस्ती मी घालवली, वैजयंताला वाटलं, आणि ही मला माफ करणार नाही, आज नाही, कदाचित कधीच नाही.

केतकीनं मान वर केली. डोळे लाल, रागानं भरलेले, अगदी आत्यासारखे.

"उभारून काय बघालीस आत्ती?" ती खेकसली. "पोरी थांबल्यात. पाणी घाल."

वैजयंतानं टाकीवरचा तांब्या उचलला.